घरचा वारसा आणि स्वतःची लेखणी : ताराबाई शिंदे यांचे जीवन

बुलढाणा जिल्ह्याचे नाव निघाले की सर्वप्रथम सिंदखेडराजा आठवते, कारण तेथे जिजाऊंचा जन्म झाला. त्यामागोमाग लोणारचे सरोवर आठवते. परंतु याच जिल्ह्याच्या मुख्य गावी, आपल्या धाडहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या बुलढाण्यात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आणखी एक कन्या जन्मली. तिने आयुष्यात एकच पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या, त्यावर टीकेचे मोहोळ उठले आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ते विस्मृतीच्या अंधारात पडून राहिले. आज मात्र स्त्रीच्या न्यायाचा इतिहास लिहावयास बसलेल्या कोणालाही त्या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. ते पुस्तक म्हणजे ‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि त्याच्या कर्त्या ताराबाई शिंदे.

विद्यालयाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावेसे वाटते ते केवळ त्या आपल्या जिल्ह्याच्या म्हणून नव्हे. माणसाला घराकडून आणि समाजाकडून जे मिळते, त्यातले काय ठेवावे, कशाला प्रश्न विचारावा आणि त्या साऱ्यातून स्वतःचा शब्द कसा घडवावा, याचे एक स्पष्ट उदाहरण त्यांच्या जीवनात सापडते.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. पलीकडचा भोकरदनचा मुलूख मात्र निजामाकडेच राहिला आणि लोक त्याला मोगलाई म्हणत राहिले. धाडसारखी गावे अशा रीतीने दोन राजवटींच्या सीमेवर आली. वऱ्हाडात नवी कचेरी आली, नवे कायदे आले, इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनांचा एक वर्ग उभा राहिला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्येच मुलींची शाळा सुरू केली होती. परंतु पुणे फार दूर होते. ताराबाईंच्या बालपणी बुलढाण्याच्या परिसरात मुलींसाठी शाळा नव्हती. मुलीने अक्षर गिरवावे असे कोणाच्या मनातही येत नसे आणि आलेच तर ते अशुभ मानले जाई.

ताराबाईंच्या घरी मात्र वेगळे वारे वाहत होते. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सरकारी नोकरीत राहूनही ते स्वतंत्र विचाराचे गृहस्थ होते. शिकलेल्या एतद्देशीयांना उद्देशून लिहिलेले एक पुस्तक त्यांनी १८७१ साली प्रसिद्ध केले. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. बापूजी त्या समाजाचे सभासद होते. पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून माणसाला सत्य जाणता येते आणि विद्येवर कोणा एका जातीचा मक्ता नाही, हा त्या चळवळीचा गाभा होता. बापूजींनी हा विचार सभेपुरता ठेवला नाही, तो घरात आणला. चार मुलगे आणि एक मुलगी अशा आपल्या कुटुंबात त्यांनी त्या एकुलत्या मुलीला मराठी शिकविले, संस्कृत शिकविले आणि इंग्रजीही शिकविले. जवळ शाळा नाही म्हणून मुलगी निरक्षर राहावी हे त्यांनी मानले नाही. त्यांनी घराचीच शाळा केली.

वडिलांकडून आलेला हा प्रकाशाचा वारसा होता. त्याच घरात दुसराही एक वारसा नांदत होता आणि तो बंधनाचा होता. शिंदे हे मानी मराठा घराणे. अशा घराण्यांत स्त्रीने वाड्याबाहेर फारसे पडू नये, परपुरुषासमोर येऊ नये, मोठ्यांपुढे तोंड उघडू नये, अशी रीत होती. कष्टकरी कुणब्यांत आणि इतर अनेक जातींत विधवेला पाट लावून पुन्हा संसार करता येई. कुलीन म्हणविणाऱ्या घराण्यांनी मात्र उच्च जातींचे अनुकरण करून विधवाविवाह निषिद्ध मानला होता. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, पण कायद्याने घरांची दारे उघडली नाहीत. घराण्याची प्रतिष्ठा जितकी मोठी, तितका बायकांचा कोंडवाडा अधिक बंदिस्त, हे ताराबाईंनी लहानपणापासून पाहिले होते.

रीतीप्रमाणे ताराबाईंचा विवाह लहान वयातच झाला. त्यातही एक अपवाद घडला. त्या सासरी गेल्या नाहीत. त्यांचे पती घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी राहावयास आले. वरवर ही गोष्ट लहान दिसते, परंतु तिचा परिणाम मोठा झाला. त्या काळी विवाह म्हणजे मुलीच्या आयुष्यातील वाचनाचा शेवटच असे. सासरच्या चुलीपुढे आणि उंबरठ्याआड तिचे अक्षर विरून जाई. ताराबाई माहेरीच राहिल्यामुळे वडिलांची पुस्तके, घरी येणारी वर्तमानपत्रे आणि चर्चा यांपासून त्या तुटल्या नाहीत. त्या बंधनातच होत्या, पण त्या बंधनाला एक खिडकी होती.

तिसरा वारसा कोणी हेतुपूर्वक दिलेला नव्हता. तो घराघरांत हवेसारखा पसरलेला होता. सावित्री, द्रौपदी, अहल्या यांच्या कथा, पुराणातील देवांचे पराक्रम आणि देवांच्या लबाड्या, म्हणी, टोमणे, बायकांच्या जात्यावरच्या आणि माजघरातल्या बोलण्यातला तिखटपणा हे सारे ताराबाईंच्या लेखनात पानोपानी ऐकू येते. या वारशाला विद्या म्हणण्याची रीत नव्हती. ताराबाईंनी मात्र पुढे लेखणी हाती घेतली तेव्हा संस्कृत श्लोकाच्या शेजारी त्याच सन्मानाने घरगुती बोलणे बसविले.

ही लेखणी उचलली जाण्यास कारण घडले ते दूर सुरतेस. १८८१ मध्ये तेथे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. वैधव्यात तिला मूल झाले होते आणि लोकलज्जेच्या व बहिष्काराच्या भीतीने तिने त्या अर्भकाचा जीव घेतला, असा तिच्यावर आरोप होता. न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात ती बदलून काळ्या पाण्याची झाली. या खटल्याची वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली. पुण्याच्या सनातनी वळणाच्या ‘पुणे वैभव’ पत्राने या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीवरच शिंतोडे उडविले. त्या मुलाला बाप होता, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. त्या पुरुषाचे नाव कोणी विचारले नाही, त्याला कोणी न्यायालयात उभे केले नाही. विधवेला पुन्हा विवाह करू न देणारा समाजही आरोपीच्या पिंजऱ्याबाहेरच राहिला.

बुलढाण्यास हे वाचून ताराबाई संतप्त झाल्या. विजयालक्ष्मी त्यांच्या जातीची नव्हती, गावची नव्हती, भाषेचीही नव्हती. तरी त्या अन्यायात त्यांना आपल्या घराण्यातील, आपल्या शेजारातील आणि एकूण स्त्रीजातीचे दुःख दिसले. १८८२ मध्ये त्यांचा निबंध पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून प्रसिद्ध झाला. किंमत नऊ आणे होती. स्त्री आणि पुरुष यांत अधिक साहसी कोण हे दाखविणे, असा हेतू पुस्तकाच्या शीर्षकातच नोंदविलेला होता. येथे साहस या शब्दाचा अर्थ शौर्य असा नाही. बेदरकारपणे केलेले दुष्कृत्य असा आहे. स्त्रियांवर ठेवला जाणारा आरोपाचा शब्द ताराबाईंनी उचलला आणि तो पुरुषांच्या पुढ्यात ठेवला.

प्रस्तावनेत त्यांनी आपली ओळख फार नम्रपणे करून दिली आहे. हा आपला पहिलाच प्रयत्न, आपण मराठमोळ्या घराच्या चार भिंतींत अडकलेली बाई, तेव्हा भाषेतील उणे वाचकांनी सांभाळून घ्यावे, असा त्यांचा सूर आहे. प्रस्तावना संपली की ही नम्रता मागे पडते. पुढची पाने एखाद्या निष्णात वकिलाच्या उलटतपासणीसारखी आहेत.

स्त्रियांवर परंपरेने ठेवलेले दोष त्या एकेक करून हाती घेतात आणि प्रत्येकाला पुरुषाच्या वर्तनाशी ताडून पाहतात. स्त्री कपटी म्हणावी, तर तिला फसवून टाकून देणारा कोण? स्त्री चंचल म्हणावी, तर मृत पत्नीचे दिवस पुरे होत नाहीत तोच दुसरी आणणारा कोण? पतीसाठी यमाच्या मागे जाणारी सावित्री पुराणात आहे. पत्नीसाठी यमाच्या दारी गेलेला एखादा पती त्याच पुराणात का सापडत नाही? पतीला देव मानण्याची आज्ञा असेल, तर पतीनेही देवासारखे वागण्याची अट त्याला का नसावी? पुनर्विवाहाची मोकळीक पुरुषाला असावी आणि स्त्रीला नसावी, हा नियम कोणत्या न्यायाचा?

पुरुषांनी धर्म कसा सोयीने पाळला, हेही त्या दाखवितात. इंग्रजी अंमल येताच पुरुषांनी पोशाख बदलला, खाणेपिणे बदलले, चालीरीती बदलल्या; धर्म बुडाल्याचे कोणी म्हटले नाही. धर्म राखण्याचा भार तेवढा बायकांच्या माथी ठेवला गेला. सुधारकही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. सभा भरतात, व्याख्याने होतात, टाळ्या पडतात आणि विधवा होती तेथेच राहते, हे त्यांनी न घाबरता सांगितले. त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतून रंगविलेल्या स्त्रियांच्या खोट्या चित्रांचाही त्यांनी समाचार घेतला. म्हणूनच अभ्यासक त्यांच्याकडे मराठीतील स्त्रीवादी समीक्षेच्या आद्य प्रवर्तक म्हणूनही पाहतात.

या साऱ्यात त्यांची साधने कोणती होती, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या हाती परदेशातून आलेला स्त्रीमुक्तीचा ग्रंथ नव्हता. त्यांनी वापरली ती पुराणे, वडिलांनी शिकविलेले संस्कृत, सत्यशोधकांचा प्रश्न विचारण्याचा बाणा आणि माजघरातले धारदार मराठी. ज्या कथा स्त्रियांना गप्प बसविण्यासाठी सांगितल्या जात, त्याच कथांना त्यांनी साक्षीदार केले. वारसा त्यांनी टाकून दिला नाही. त्याची झडती घेतली.

याच वर्षी, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तकही प्रसिद्ध झाले. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीही लोकनिंदा सोसून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले होते. एक ब्राह्मण शास्त्र्याची लेक, दुसरी सत्यशोधक मराठ्याची. दोघींच्या लेखणीमागे वडिलांचा हट्ट उभा होता.

परंतु ज्यांच्या घरी अशी विद्या नव्हती, त्यांचे काय? याचे उत्तर त्याआधी सत्तावीस वर्षांपूर्वीच एका मुलीने दिले होते. फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातील सुमारे चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. तिच्या घरी ग्रंथ नव्हते. समाजाची आठवण होती. मोठमोठ्या इमारतींच्या पायांत आपल्या माणसांना पुरले जाई, आपल्या स्त्रिया डोक्यावर छप्पर नसता बाळंत होतात, ही ती आठवण. मुक्ताने तीच लिहिली आणि धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न विचारला. ताराबाईंच्या पुस्तकात मुख्यतः कुलीन घरांतील स्त्रियांची घुसमट आहे. गावकुसाबाहेरच्या स्त्रीचे दुःख पूर्णपणे पाहावयाचे तर मुक्ताचा निबंध त्यांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावा लागतो. ही ताराबाईंची निंदा नव्हे. प्रत्येक लेखणी आपल्या उंबरठ्यापासून निघते, म्हणून अनेक उंबरठ्यांवरून लेखण्या निघाव्या लागतात.

‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाल्यावर जे व्हावयाचे तेच झाले. एका बाईने, तीही वऱ्हाडातल्या आडगावच्या बाईने, साऱ्या पुरुषजातीचा हिशेब मागावा, हे कोणाला रुचले नाही. टवाळी झाली, निंदा झाली. स्वतःला सुधारक समजणाऱ्यांनीही नाके मुरडली. अशा वेळी त्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा उल्लेख लेकीच्या मायेने केला, त्यांच्या निबंधाची बाजू घेतली आणि त्याची थट्टा करणाऱ्यांना खडे बोल सुनावले. बापूजींनी घरात लावलेला दिवा विझू नये म्हणून चळवळीच्या थोर नेत्याने हाताचा आडोसा धरला होता.

तरीही ताराबाईंनी त्यानंतर एकही पुस्तक प्रसिद्ध केले नाही. त्यांचे निधन १९१० च्या सुमारास झाले असे मानले जाते. म्हणजे पुस्तकानंतर त्या सुमारे अठ्ठावीस वर्षे जगल्या. ही अठ्ठावीस वर्षांची शांतता त्यांच्या चरित्रातील सर्वांत दुःखद भाग आहे. बत्तिशीच्या वयात इतके तेजस्वी गद्य लिहिणारी स्त्री पुढे काय काय लिहू शकली असती, याचा विचार मनाला चटका लावतो. लिहिणारी मुलगी घडविण्यासाठी एक चांगला बाप आणि एक उघडे घर पुरेसे ठरले. तिला लिहिते ठेवण्यासाठी मात्र समाज हवा होता आणि तो नव्हता.

पुस्तकही विस्मरणात गेले. १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, संशोधक डॉ. स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा प्रकाशात आणले आणि मराठी वाचकांना आपल्याच भाषेतील एका हरवलेल्या लेकीची ओळख झाली. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. बुलढाण्याच्या एका घरात लिहिलेले ते शब्द आज जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासले जातात.

हे चरित्र वाचताना आपल्या मनात दुसरे एक घर उभे राहिल्यावाचून राहत नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, कबीरपंथी होते. ते मुलांना नेमाने अभ्यासाला बसवीत, घरी भजने होत, रामायण-महाभारत वाचले जाई. त्या घरातून बाबासाहेब आंबेडकर घडले. बापाने लावलेली वाचनाची शिस्त त्यांनी जन्मभर सांभाळली; आणि लहानपणी ऐकलेल्या त्याच ग्रंथांची त्यांनी पुढे बुद्धीच्या कसोटीवर कठोर चिकित्सा केली. जोतीराव फुले यांना त्यांनी आपल्या गुरूंपैकी एक मानले आणि १९४६ मध्ये शूद्रांच्या उगमावरील आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला. ताराबाईंच्या पाठीशी उभा राहिलेला हात आणि बाबासाहेबांना वाट दाखविणारा हात एकाच महापुरुषाचा होता, हे आपण ध्यानी ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या विद्यालयात तुम्ही घर सोडून राहावयास येता. येताना पेटीत कपडे असतात, वह्या असतात. पण न दिसणारी एक शिदोरीही असते. आजीच्या ओव्या, भीमजयंतीला ऐकलेली गाणी, ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीच्या आठवणी, आईच्या तोंडच्या म्हणी, बापाने सोसलेला अपमान आणि राखलेला मान. हे काही वहीत लिहिण्यासारखे नाही, असे समजू नका. मुक्ताने तेच लिहिले. ताराबाईंनीही तेच लिहिले.

त्याचबरोबर त्या शिदोरीत कधी कधी खडेही असतात. मुलींनी पुढे शिकू नये, लवकर लग्न उरकावे, अमक्याच्या हातचे खाऊ नये, हेही घरातूनच येते. केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी केलेला उपदेश अशा वेळी उपयोगी पडतो. एखादी गोष्ट केवळ परंपरेने चालत आली, ग्रंथात आहे किंवा थोरांनी सांगितली म्हणून ती स्वीकारू नये. ती कल्याणकारी आहे की अहितकारी, हे स्वतः पारखून मगच तिचे ग्रहण अथवा त्याग करावा. वऱ्हाडातील या लेकीने आपल्या घरच्या वारशाला हीच कसोटी लावली होती.

बुलढाण्यास जाल तेव्हा त्या गावाकडे या नव्या दृष्टीने पाहा. शाळा नसताना जेथे एक मुलगी शिकली, त्याच जिल्ह्यात आज शाळा आहे, वसतिगृह आहे, वाचनालय आहे आणि तुमच्या हाती लेखणी आहे. ताराबाईंच्या एका पुस्तकानंतर जी शांतता पसरली, ती पुन्हा या मातीतल्या कोणत्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये, एवढे आपण सर्वांनी मिळून पाहिले तरी त्यांचे स्मरण सार्थ होईल.